आजोबांचा मोठा फोटो

आपला फोटो पाहून परीक्षकांची बोलती बंद होणार, हे खारूने आठवडाभर आधीच घरात जाहीर करून टाकलं होतं. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी तिने फोटोग्राफी हा विषय घेतला होता. बाबांनी कपाळाला हात लावला. पुढे कॉलेजच्या प्रवेशाला हे कुठे उपयोगी पडणार, असं त्यांचं म्हणणं. पण खारू हटली नाही. वर्गात मुलं आठ, आणि डार्करूम म्हणजे शाळेची खेळाच्या सामानाची जुनी खोली. तिथे फोटो धुण्याच्या औषधांच्या वासात फुटबॉलचाही वास मिसळलेला असे. पण त्या लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर हळूहळू माणूस उमटताना तिने पाहिला, आणि ती त्या विषयाचीच होऊन गेली.

शेवटच्या परीक्षेला एकाच माणसाचे बारा फोटो द्यायचे होते, त्यातला एक मोठा, फ्रेम केलेला. खारूने आजोबांना निवडलं. आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एकेकाळी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून धंदा करत. मग एका डेअरीच्या पाटीवर 'दूध' हा शब्द ऱ्हस्व लिहिला गेला. गिऱ्हाइकाने पाटी परत पाठवली. चूक कुणाची, यावरून दोघांची जुंपली, आणि त्या एका उकारापायी सख्ख्या भावांनी अकरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. धाकटे आजोबा दूरच्या गावी जाऊन राहिले होते.

रविवारी सकाळी फ्रेम तयार झाली. बाबा स्कूटर चालवत होते आणि मागे खारू ती दोन हात उंच काळी फ्रेम छातीशी धरून एका अंगाने बसली होती. आजोबांचा चेहरा रस्त्याकडे. आजोबांची तीस वर्षं दाढी करणारा न्हावी दुकानाच्या दारात उभा होता. त्याने फोटो पाहिला, खारूचा गंभीर चेहरा पाहिला (फ्रेम पडू नये म्हणून ती गंभीर होती), आणि त्याच्या हातातला वस्तरा हातातच राहिला. त्याने औषधवाल्याला सांगितलं. औषधवाल्याने चार ठिकाणी फोन केले.

दुपारी माणसं यायला लागली. आईला वाटलं, लेकीचा फोटो बघायला आली आहेत. तिचा ऊर भरून आला. ती प्रत्येकाला बाहेरच्या खोलीत नेऊन बसवत होती. न्हाव्याने हलक्या आवाजात विचारलं, "कधी झालं?"

"आज सकाळीच."

"फार त्रास झाला का?"

"छे हो. अगदी शांत बसले होते. त्यांना कळलंसुद्धा नाही."

न्हाव्याने डोळे पुसले. एवढं कौतुक पाहून आईचेही पाणावले. ती चहा ठेवायला आत गेली. आजोबा मागच्या बाजूला आंघोळीला गेले होते आणि त्यांची आंघोळ म्हणजे तासाभराचं काम.

एवढ्यात धाकटे आजोबा आले. दोन तास बसने प्रवास करून आले होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. ते थेट खुर्चीवर ठेवलेल्या फोटोपुढे जाऊन बसले आणि फ्रेमला मिठी मारून लहान मुलासारखे रडले.

"दादा, तो उकार माझा होता रे," ते म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं."

काय घोटाळा झालाय हे खारूला त्या क्षणी उमगलं. ती सांगायला पुढे झाली. तेवढ्यात आतल्या दारात आजोबा येऊन उभे राहिले, खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या वेळी त्यांनी नुसतं 'ये' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण अकरा वर्षं वाट पाहिलेली कबुली कानावर पडली होती, माणसाला राहवलं नाही.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" ते म्हणाले. "केलं की नाही कबूल?"

न्हावी मटकन खाली बसला. धाकट्या आजोबांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा भावाकडे. त्यांचा चेहरा लाल झाला.

"मला फसवून बोलावलंत," एवढंच ते म्हणाले आणि निघून गेले.

खारू रस्त्यापर्यंत धावली, सगळं समजावून सांगत राहिली. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. आजोबा खिडकीशी उभे होते. येईल, आता रागात आहे, पण येईल, असं ते म्हणत राहिले. त्यानंतर दर रविवारी ते लवकर दाढी करून बसायचे. खारूने दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. परीक्षा झाली, फोटोला वर्गातले सगळ्यांत जास्त गुण मिळाले. घरात कुणी किती मिळाले ते विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

चार महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, पेपर वाचता वाचता आजोबा गेले.

बाबांनी धाकट्या आजोबांना फोन केला. आपण एकदा फसलो, पुन्हा फसणार नाही, असं म्हणून त्यांनी तो ठेवून दिला. शेवटी खारूने लावला.

"मी खारू. या वेळी खरं आहे."

पलीकडून त्यांनी विचारलं, "नक्की ना?"

"नक्की."

ते आले तोवर सगळं आटोपलं होतं. घर माणसांनी भरलं होतं, जो तो रडत होता. धाकटे आजोबा मात्र कोरड्या डोळ्यांनी कोपऱ्यात बसून होते. लोक त्यांच्याकडे बघून काहीबाही कुजबुजत होते. खारू त्यांच्याजवळ जाऊन बसली. बऱ्याच वेळाने ते ओशाळून तिच्या कानाशी वाकले.

"मागच्या वेळीच सगळं रडून झालं गं," ते म्हणाले. "आता काही येतच नाही."

खारूने त्यांच्यासाठी पाणी आणलं. धाकटे आजोबा ते घोट घोट करून, बराच वेळ पुरवून प्यायले.