अण्णांची उसनवारी

हणमोजीअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, सामानाकडे बघत. यजमानांनी "या, बसा" म्हणेपर्यंत त्यांची नजर माळ्यावरून फिरून पलंगाखाली पोचलेली असे. मग प्रश्न यायचा, "ते घंगाळ रिकामंच पडलंय की हो? गणपतीत दहा दिवस द्या बघू."

राजाजीनगरातल्या आमच्या छोट्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे ते सर्वेसर्वा. त्यांचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या मुरलेलं, की मिरजेकडून नोकरीसाठी आलेले आम्ही त्यांच्यापुढे कालचे पाहुणे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या भागातले कारखाने एकेक करून धापा टाकू लागले. महागाईचं तर विचारूच नका. बाकीच्या मंडळांनी वर्गणी वाढवली. अण्णांनी निम्मी केली आणि सभेत जाहीर केलं, "मूर्ती सोडून काही विकत घ्यायचं नाही. विकत आणलं तर ती खरेदी. घराघरातनं आणलं तर तो सण. सरी?"

त्या कानडी "सरी"ला "बरं" म्हणण्यावाचून आम्हाला गत्यंतर नव्हतं.

सतरंज्या शाळेच्या, समया दहा घरांच्या, प्रसादाची पातेली कुणाकुणाच्या माहेरची. मागचा पडदा एका मंगल कार्यालयाचा. एका वर्षी त्यावरची थर्माकोलची अक्षरं काढायची राहून गेली आणि बाप्पाच्या डोक्यामागे 'रमेश-सुधा' ही नावं पहिल्या दिवसापासून झळकू लागली. मी घाईघाईने शिडी आणली, तर अण्णांनी अडवलं. "असू दे. स्वल्प ॲडजस्ट माडि, थोडं चालवून घ्या! एवढी माणसं रोज हात जोडणार. त्या दोघांचा संसार किती चांगला होईल बघा."

त्यांचा एक नियम मात्र मला छळायचा. वस्तू ज्याची, त्यानेच ती उचलून मंडपात आणायची. दोन समया घेऊन बसमध्ये उभं राहिल्यावर मी एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, एक टेम्पो फिरवू या की."

"टेम्पोतनं सामान येतंय, कदम. माणसं येत नाहीत."

म्हातारा चिक्कू आहे, असं माझं तेव्हाचं ठाम मत होतं.

पुढे चार महिने पगार थकले आणि एका श्रावणात आमच्या कारखान्याला टाळं लागलं. निम्मी वर्गणीही आता जड होती. मी बायकोला, सुलभाला म्हणालो, "यंदा जायचं नाही. वर्गणी न देता प्रसादाला हात कसा पुढे करायचा?" आमच्या पोरीला मंडळाच्या नाचात घेतलं होतं. तिला ताप आलाय, असा निरोप धाडला. धडधाकट पोर कोपऱ्यात फुगून बसली.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी अण्णा दारात हजर. सवयीने त्यांची नजर घरभर फिरली. टीव्ही विकला होता, शिलाई मशीनही गेलं होतं. नजर कुठेच अडेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. तिथे सुलभाच्या रुखवतातल्या पाटावर तांदळाचा डबा होता. अण्णांनी डबा एका हाताने उचलला. तो भलताच हलका लागला असावा, कारण त्यांनी झटकन दुसरा हातही लावला आणि जड ओझं ठेवावं तसा तो सावकाश खाली ठेवला.

"पाट झकास आहे. आमच्या चौरंगाला वाळवी लागली हो!" दरवर्षी देव त्यांच्या पणजोबांच्या चौरंगावर बसायचा. "उद्या देव काय माझ्या डोक्यावर बसवू? सातला पाट घेऊन या. वैनी आणि पोरीला घेऊन. देवाचा पाट एकट्यानं आणत नाहीत, आमच्यात तशी पद्धत आहे."

असली पद्धत मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. पण देवाला नाही कसं म्हणायचं? सकाळी आम्ही तिघं पाट घेऊन गेलो. सुलभाने तो घासूनपुसून लख्ख केला होता. हातभर उंचीची शाडूची मूर्ती त्यावर बसली, आणि मी गुपचूप शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

माझ्या पुढेच सुलभा बसली होती. अण्णांच्या पत्नी सरोजाक्का तिच्याजवळ सरकल्या आणि कुजबुजल्या, "वाळवी कुठली गं? सागवानी चौरंग तो! पलंगाखाली चादर घालून लपवलाय. पोरीच्या तापाचा निरोप आला, तेव्हापासनं यांना घास गोड लागेना."

ज्याला मी चिक्कू म्हणत होतो, त्याने आमच्यासाठी पणजोबांच्या चौरंगाचा मान सोडला होता. जाऊन पाय धरावेत असं वाटलं. तेवढ्यात अण्णा पुढून ओरडले, "पाटाचे यजमान कुठं गेले? आरती त्यांच्याच हातनं व्हायची!"

लोकांनी वाट करून दिली. अण्णांनी माझ्या हातात तबक दिलं, सुलभा आणि पोर दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या, आणि मला लहानपणापासून पाठ असलेल्या आरतीचा पहिला शब्दच आठवेना. अण्णांनी माझ्याकडे न बघता टाळ्यांचा ठेका धरला आणि माझ्यासाठी त्यांनीच सुरुवात केली.