गोपिकाच्या डाव्या गालाची नोंद

नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहणाऱ्या रजत ठवकर यांच्या आठ महिन्यांच्या कन्येचे नाव अद्याप तिच्या कानात पूर्णपणे सांगितले गेले नव्हते, ही बाब कुटुंबाने गांभीर्याने घेतली होती. नाव गोपिका आहे हे जन्माच्या दाखल्यावर छापले होते, पाळण्यावर रंगवले होते आणि शेजारीपाजारी त्याच नावाने हाकाही मारत होते. पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि एकुलती एक आत्या मेघा शारजाला नोकरीत अडकलेली. बारशाला फोन बाळाच्या कानाशी धरला, आत्या 'गो' म्हणाली आणि नेटवर्क गेले. बाळाची आजी सिंधूताई यांनी तेव्हाच निर्णय दिला, की अर्ध्या नावाचे बारसे धरता येत नाही.

मेघाला चार वर्षे रजा नव्हती. दोन्ही भाचरे तिने मोबाईलवरच पाहिलेली. तेव्हा आत्या कानाकडे येत नसेल तर कान आत्याकडे न्यावा, असे ठरले. कानासोबत रजत, त्याची बायको अश्लेषा, साडेतीन वर्षांचा मुलगा पिंटू, सिंधूताई आणि आजोबा मधुकरराव असे पाच जण जाणार होते.

पहिली पायरी फोटोची. पासपोर्टच्या फोटोत डोळे उघडे, तोंड बंद, चेहऱ्यावर हसू नाही, मागे पांढरा पडदा आणि चौकटीत दुसऱ्या कोणाचा हात नाही, असा नियम आहे. इतक्या अटी पाळणारे आठ महिन्यांचे मूल आढळले तर त्याला आधी दवाखान्यात न्यावे. फोटोग्राफर नत्थूजींनी एकेचाळीस फोटो काढले. बेचाळिसाव्या वेळी गोपिकाने कॅमेऱ्याकडे असे पाहिले, की नत्थूजींनाच आपले काही चुकले की काय असे वाटले. फोटो उत्तम आला. फक्त डाव्या गालावर काजळाची तीट होती.

"काकू, हे काढून टाकू का? कंप्युटरवर एका मिनिटाचं काम आहे," नत्थूजी म्हणाले.

"काहून काढता?" सिंधूताई म्हणाल्या. "घरातले पाहतात तं तीट लावतो. हा फोटो तं दहा ठिकाणचे परके लोक पाहतीन. कोणाची नजर कशी राहते, तुम्हाले मालूम आहे का?"

नत्थूजींनी फोटो तिटेसकट छापला.

फोटो घेऊन रजत प्रवास दस्तऐवज सुविधा केंद्रात गेला. खिडकी क्रमांक चारच्या साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला, मग अर्ज पाहिला, मग रजतकडे पाहिले.

"ठळक ओळखचिन्ह या रकान्यात तुम्ही 'नाही' लिहिलं. फोटोत तीळ दिसून राहिला. माहिती लपवून राहिले का?"

"साहेब, तो तीळ नाही. तीट आहे. आईनं लावली."

"यादीत तीट नाही. तीळ, मस, व्रण आणि जन्मखूण आहे. चारातलं एक सांगा."

"पण पुसली की जाते ती."

"जाते असाही पर्याय नाही."

रजतच्या मागे पंचेचाळीस माणसे उभी होती. रांगेत खरे काय आणि खोटे काय हे पुढचा माणूस ठरवत नसतो, मागची माणसे ठरवतात. रजत म्हणाला, तीळ लिहा. अकराव्या दिवशी पासपोर्ट घरी आला आणि गोपिका ठवकर हिच्या डाव्या गालावर चार मिलिमीटर व्यासाचा काळा तीळ असल्याची शासकीय नोंद झाली.

पासपोर्ट पाहून सगळ्यांत आधी अश्लेषा घाबरली. उद्या विमानतळावर कोणी तीळ मागितला तर काय दाखवायचे? रजत पुन्हा खिडकीवर गेला. तिथे कळले, की नोंद कमी करण्यासाठी तीळ नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल. तो त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला. डॉक्टरांनी गोपिकाचा गाल भिंगातून तपासला.

"गाल साफ आहे."

"तेच लिहून द्या ना, डॉक्टर."

"काय लिहू? तीळ काढला असं लिहायचं तर आधी तो असायला पाहिजे. तीळ नाही असं लिहायचं तर कुठचा नाही, हे दाखवायला पाहिजे. तुम्ही एकदा तीळ घेऊन या, मग बघू."

रजत तिसऱ्यांदा खिडकीवर गेला. यावेळी साहेबांना त्याची दया आली. ते माणूस म्हणून चांगले होते, फक्त खिडकीत बसत होते.

"भाऊ, कागद बदलायला चार महिने लागतात. अर्ज देऊन ठेवा. पण तुमचं विमान नऊ दिवसांनी आहे. कागदापेक्षा गाल बदलणं सोपं नाही का?"

इथून हे प्रकरण मधुकररावांकडे वर्ग झाले. मधुकरराव पारशिवनीच्या एका कचेरीत एकतीस वर्षे कारकून होते आणि निवृत्तीनंतर त्यांना मनासारखे काम मिळाले नव्हते. त्यांनी दुकानातून गोल काढायची प्लॅस्टिकची पट्टी आणली. तिच्यातल्या चार मिलिमीटरच्या भोकावर लाल खूण केली. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजता तीट लावायची, लावणाऱ्याने वहीत सही करायची, असा आदेश त्यांनी फ्रिजवर चिकटवला. सिंधूताईंना हे पसंत नव्हते. तीट थोडी वाकडीतिकडी असली तरच नजर लागत नाही, असे त्यांचे चाळीस वर्षांचे मत होते. ते नोंदवून घेण्यात आले आणि फेटाळण्यात आले.

"बाबा, आपली पोरगी आपण तिळाशिवायही ओळखतो ना," अश्लेषा म्हणाली.

"आपलं ओळखणं कुठं चालते, सूनबाई? आपला शिक्का कुठं आहे?"

गोपिकाचा गाल पट्टीखाली लाल व्हायला लागला. ती पट्टी दिसली की रडायची. पण नऊ दिवसांत अठरा सह्या झाल्या, आणि एकही तीट साडेतीनवर आली नाही की पाचावर गेली नाही.

विमानतळावर सगळे नीट चालले होते. देशाबाहेर जाण्याच्या तपासणीच्या रांगेत तीन कुटुंबे पुढे होती. पिंटूला बहिणीचे एकाएकी प्रेम आले. त्याने अश्लेषाच्या कडेवरच्या गोपिकाच्या गालाला आपला गाल लावला आणि चांगला घासला. लहान मुलांच्या प्रेमाला वेळकाळ नसतो. रांग पुढे सरकली.

अधिकाऱ्यांनी पासपोर्ट उघडला. मग गोपिकाकडे पाहिले, मग पिंटूकडे. पिंटूच्या गालावर ठसठशीत काळा ठिपका होता.

"डाव्या गालावर तीळ. म्हणजे ही गोपिका," ते पिंटूकडे बोट दाखवून म्हणाले.

"तो मुलगा आहे, साहेब. साडेतीन वर्षांचा," अश्लेषा म्हणाली.

"इथं आठ महिने लिहिलं आहे. वाढ चांगली आहे." ते खाली वाकले. "बाळ, तुझं नाव काय?"

"पिंटू."

अधिकारी सरळ झाले. "पासपोर्ट सौरवचा आहे आणि गोपिकाचा आहे. पिंटूचा नाही. हे तिसरं मूल कोणाचं आहे?"

"सौरवलेच घरी पिंटू म्हणतो, साहेब," रजत म्हणाला.

"मग तीळ सौरवच्या गालावर कसा आला? आणि ही जी कडेवर आहे, जिच्या गालावर काहीच नाही, ती कोण आहे?"

प्रश्न रास्त होता. अश्लेषाने पोरीला छातीशी घट्ट धरले. आठ महिने रात्रंदिवस जिला सांभाळले ती आपली आहे हे सिद्ध करायला तिच्याजवळ त्या क्षणी काही नव्हते, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. विमानाची शेवटची सूचना सुरू झाली. सिंधूताईंनी कमरेची काजळाची डबी काढली.

"थांबा, आजी. शासकीय नोंदीत माझ्यासमोर फेरफार करून राहिल्या तुम्ही."

तेव्हा मधुकरराव पुढे आले. "फेरफार नाही, साहेब. मूळ नोंदीचं नूतनीकरण आहे."

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आदर दिसला. त्यांनी घड्याळ पाहिले. "नूतनीकरण असेल तर माझ्या अखत्यारीत येत नाही. मी दोन मिनिटं पाणी पिऊन येतो. आल्यावर जिच्या गालावर तीळ, ती गोपिका."

रजतने रुमाल थुंकीने ओला करून पिंटूचा गाल पुसला, अश्लेषाने रडणाऱ्या गोपिकाचे डोके धरले, मधुकररावांनी पट्टी लावली आणि सिंधूताईंनी काजळ टेकवले. अधिकारी परत आले. त्यांनी तीळ पाहिला आणि शिक्का मारला.

"आधीच असं आणत जा ना. उगीच रांग थांबते."

शारजाला काचेमागच्या माणसाने गोपिकाला पाहून जीभ बाहेर काढली, ती हसली, आणि त्याने शिक्का मारून दिला. तिळाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. मधुकररावांना याचे वाईट वाटले. इथे काही शिस्तच नाही, असे ते सामान येईपर्यंत सांगत होते.

बाहेर मेघा उभी होती. ती धावत आली, तिने गोपिकाला उचलले आणि गालाला गाल लावून कानाशी तोंड नेले.

"गालाले लावू नको वं," चारही मोठी माणसे एकदम म्हणाली.

मेघा थबकली. "काहून?"

"आम्हाले वापसही जायचं आहे," रजत म्हणाला.

मग मेघाने भाचीला दोन्ही हातांनी दूर धरले आणि एक वीत अंतरावरून नाव सांगितले. बाजूने सामानाच्या गाड्या खडखडत जात होत्या. गोपिकाला किती ऐकू आले कोण जाणे. जिने चार वर्षे वाट पाहिली, तिला पंधरा दिवस फक्त उजवा गाल मिळाला, आणि हे लिहितानाही वाईट वाटते. सिंधूताईंना नाव पोचल्याची खात्री नव्हती. पण लेकीला अडवणाऱ्या चौघांत त्याही होत्या, म्हणून त्यांनी हे बारसे धरले.

नागपूरला परत आल्यावर रजतच्या दुरुस्तीच्या अर्जाचे उत्तर आले. बाळ जाताना आणि येताना अशा दोन्ही वेळी तीळ जागेवर आढळल्याने तो नसल्याचा दावा निकाली काढण्यात येत होता. अर्जदाराची पुन्हा गैरसोय होऊ नये म्हणून सदर चिन्ह कायमस्वरूपी करून घ्यावे, अशी सूचना होती.

मधुकररावांना सूचना व्यवहार्य वाटली. "आपल्यात पहिले गोंदतच होते. सिंधू, तुझ्या हातावर आहे ना? इथं तं एकच टिपका काढायचा आहे."

"माझ्या पोरीच्या गालाले सुई लागणार नाही," अश्लेषा म्हणाली.

"मग पुढच्या वेळी तिले कोण ओळखीन?"

प्रकरण घरात प्रलंबित आहे. सकाळी सात आणि संध्याकाळी सहाची तीट चालू आहे.

वाचकहो, तुम्ही अर्थातच अश्लेषाच्या बाजूचे आहात. कागदासाठी लेकराचा गाल टोचायचा म्हणजे काय, असे तुम्ही म्हणत असाल. छान. मग एवढे सांगा, तुमचा वाढदिवस एक जूनला असतो ना? पहिलीत नाव घालताना रकाना रिकामा राहू नये म्हणून गुरुजींनी लिहिलेली ती तारीख. तुम्ही श्रावण सरल्यावर, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झालात, दारात पोरे लाकडी नंदी घेऊन आली होती, असे आई सांगत राहिली. ती तिथे हजर होती. तुम्ही हसून तिला म्हणालात, कागदावर तसं नाही. मग तीही सांगायची थांबली आणि दर एक जूनला तुम्हाला ओवाळू लागली. तुमच्या वेळी तर सुईचीसुद्धा गरज पडली नाही.