रंग मंजूर

डोळेसाहेबांच्या तोंडात एकूण एकोणतीस दात होते. तीन अक्कलदाढा काढलेल्या. चौथी शाबूत होती, पण तिचा उपयोग झाल्याचं अजून कुणाच्या पाहण्यात नव्हतं. या एकोणतिसांपैकी सव्वीस धड, तीन चांदी भरलेले. त्या तिघांतले दोन मागे दडलेले. तिसरा वरचा, उजवा, समोरून चौथा. हसलं की दिसणारा. बुधवारी सकाळी पेनाचं टोपण चावताना नेमकी त्यातलीच चांदी निखळली.

डोळेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. रंगाच्या कारखान्यात वीस वर्षं प्रत्येक रंग त्यांच्या डोळ्यांखालून जायचा. वाळलेला नमुना बघायचा, नाक मुरडायचं, आणि मेहेरबानी केल्यासारखा खिशातला शिक्का उमटवायचा : ‘रंग मंजूर’. पण आता कारखान्याने रंग मोजणारं यंत्र आणलं होतं. शुक्रवारी मोठे साहेब स्वतः येऊन ठरवणार होते, की शिक्का डोळ्याकडे ठेवायचा की यंत्राकडे. यंत्राकडे गेला, तर डोळेसाहेबांची रवानगी गोदामात!

“मॅडम, तुमच्या या डबड्याला डोळा तरी आहे का?” त्यांनी यंत्र चालवणाऱ्या मॅडमना विचारलं.

“लेन्स आहे, सर.”

“लेन्स माझ्या चष्म्यालाही आहे! म्हणून त्याला पगार देतो का मी?”

चांदी निखळताच त्यांना कल्पना सुचली, आणि सुचलेली कल्पना मनात ठेवण्याइतका हा माणूस शहाणा नव्हता. त्यांनी मोठ्या साहेबांना लेखी कळवलं : ‘माझा एक दात मी स्वतः रंग जुळवून भरून घेत आहे. शुक्रवारी तो कोणता ते कुणीही ओळखून दाखवावं. ओळखता आलं नाही, तर यंत्र परत पाठवावं.’

दातांची डॉक्टर म्हणजे त्यांची मेव्हणी. घरातलीच असल्यामुळे तिला काही कळतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

“परत चांदी भरू का, भाऊजी? टिकते छान.”

“रंगाच्या माणसाच्या तोंडात राखाडी डाग? धातूचा कणसुद्धा नको!”

“मग काचेच्या पुडीचं सिमेंट आहे. थोडी ओल चालते त्याला.”

“सिमेंट? मी काय गच्ची आहे?”

“सिरॅमिक?”

“तोंडात कपबशी बसवतेस?”

“मग रेझिन. दाताच्या रंगाचं, निळ्या प्रकाशाने दोन मिनिटांत कडक होतं. पण दात अगदी कोरडा हवा आणि काम होईपर्यंत तुम्ही गप्प हवेत. पहिली अट मी सांभाळते, दुसरीचं काय?”

एवढं बोलून तिने सोळा नकली दातांची पट्टी काढली. “आ करा. आधी रंग ठरवू.”

“आत्ता? ओला असताना?” साहेब खुर्चीतच उठून बसले. “वीस वर्षं सांगतोय लोकांना, रंग वाळल्यावर बघायचा! ओल्यावर शिक्का मारणारा माणूस मी नव्हे.”

“अहो भाऊजी, दात म्हणजे भिंत नव्हे. वाळला की तो पांढरा पडतो. लाळ लागली की परत मूळ रंगावर येतो.”

“तू दात उपट, रंग माझ्यावर सोड!”

लाळ लागू नये म्हणून तिने त्या दातावर आणि शेजारच्या दातांवर रबरी पडदा ताणून बसवला. साहेबांचं बोलणं बंद झालं. दवाखाना सुरू झाल्यापासून एवढी शांतता तिथे पहिल्यांदाच! पण साहेबांनी पिशवीतून कारखान्यातला खास दिवा काढला, आरसा धरला, वाळलेल्या दाताला पट्टी लावली आणि सर्वांत पांढऱ्या नमुन्यावर बोट ठेवलं.

“हा? चुन्यासारखा दिसेल उद्या!”

“आँ! आँ!” साहेब गरजले आणि तेच बोट पुन्हा आपटलं.

“मग लिहून द्या.”

साहेबांनी लिहून तर दिलंच, वर खिशातला शिक्काही उमटवला. केसपेपरवर ‘रंग मंजूर’!

काम संपल्यावर त्यांनी आरशात पाहिलं. कुठे जोड नाही, कुठे फरक नाही! “बघितलंस? शिक यातून,” असं मेव्हणीला सुनावून ते घरी आले.

संध्याकाळी बायको म्हणाली, “अहो, तुमच्या तोंडात काहीतरी चमकतंय.”

“बल्ब खराब आहे.”

तिने बल्ब बदलला. “आता जास्तच चमकतंय.”

गुरुवारी सकाळी तो दात अंधाऱ्या इमारतीत एकाच खिडकीत दिवा लागावा तसा दिसत होता. साहेबांचं निदान तयार होतं : त्यांची निवड अचूक आहे, बाकीचे अठ्ठावीस दात बिघडलेत! त्यांनी त्या अठ्ठावीस दातांना चाळीस मिनिटं घासलं. हिरड्या लाल झाल्या, त्यामुळे पांढरा आणखी उठून दिसायला लागला. शेवटी फोन केला.

“तुझ्या मालाने रंग बदललाय!”

“मालाने नाही, भाऊजी, दातांनी. ते परत ओले झालेत. या, बदलून देते.”

“माझा शिक्का आहे त्यावर! बदलला तर चूक माझी ठरेल.”

“मग तोंड वाळवून फिरा!” तिने रागाने फोन आपटला.

टोमणा होता तो. पण साहेबांना त्यात शास्त्र दिसलं.

शुक्रवारी सकाळी आठपासून डोळेसाहेब टेबलफॅनसमोर बसले. वरचा ओठ वर दुमडलेला, दात वाऱ्यावर, नजर स्थिर. येणारेजाणारे दारात थबकत होते.

“सर, डॉक्टरांना बोलावू का?” मॅडमनी घाबरून विचारलं.

“गगज गाही,” साहेब ओठ न हलवता म्हणाले.

आणि काय सांगावं, उपाय चालत होता! दहा वाजता आरशात पुढचे दात पांढरेफटक दिसत होते, आणि नव्याने भरलेला दात त्यांच्यात बेमालूम मिसळला होता. तेवढ्यात मोठे साहेब आले. मागे आठ अधिकारी.

“हं, मग? सांगा तुमचं रंगाचं तत्त्व.”

डोळेसाहेबांनी तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. दोन तासांच्या वाऱ्याने घशाचा पार पापड झाला होता. फुंकर मारल्यासारखा नुसता ‘हफ्’ निघाला, मग ठसका, मग ठसक्यावर ठसका. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने पेला पुढे केला.

“अहो, आधी पाणी घ्या.”

मोठ्या साहेबांना नाही म्हणायची डोळेसाहेबांना सवय नव्हती. त्यांनी पेला रिकामा केला. ओठ चाटले, दात चाटले, मोठे साहेब स्वतः पाणी देतात म्हणून खुलले, आणि भरल्या आवाजात रंगाच्या तत्त्वावर बोलत सुटले. इतके रंगले की पाऊण तास कुणाला मध्ये बोलू दिलं नाही. लाळेने तोवर आपलं काम चोख केलं. मग कंबरेवर हात ठेवून ते ऐटीत हसले.

“ओळखा! कोणता?”

आठ बोटं उठली. आठही एकाच ठिकाणी रोखलेली.

“बोटांचं काय घेऊन बसलात! डोळे तयार लागतात त्याला!” डोळेसाहेब ओरडले.

“बरोबर आहे. मॅडम, मोजा,” मोठे साहेब म्हणाले.

मॅडमनी यंत्राचं टोक स्पिरिटने पुसलं. आधी शेजारच्या दाताला लावलं, मग या दाताला. दोनदा टिक झालं. कागदाची पट्टी बाहेर आली आणि मॅडमनी ती वाचली.

“मान्य फरक : एकपर्यंत. मोजलेला फरक : आठ पूर्णांक तीन दशांश.”