तीन शिट्ट्या

तीन दिवसांच्या जंगल शिबिरातून परत आल्यापासून जंगलबुवांचे पाय जमिनीवर नव्हते. काडेपेटीशिवाय जाळ, सावलीवरून उत्तर दिशा, सात प्रकारच्या गाठी! एवढं येणाऱ्या माणसाने बावीस वर्षं ऑफिसच्या जावक टेबलावर पाकिटं चिकटवत बसावं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. आता आपत्कालीन प्रमुखाची नवी जागा निघाली होती. स्वतंत्र केबिन, फिरती खुर्ची! साहेब आज नेमणुकीवर सही करणार होते. नेमणुकीची वाट न बघता बुवांनी सुरक्षेचं परिपत्रक काढून ते सगळ्यांकडून पाठही करून घेतलं होतं.

"साहेब, तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये प्रात्यक्षिक दाखवतो. मोबाइल वरच ठेवा. संकटात पहिला दगा तोच देतो."

साहेबांनी ठेवला. दोघं आत गेले, दार मागे धाडकन लागलं. बुवांनी ते ऐटीत ओढून पाहिलं, तर आतली मूठच त्यांच्या हातात आली.

"हा प्रात्यक्षिकाचा भाग आहे का?" साहेबांनी विचारलं.

"आता आहे."

बुवांनी पिशवीतून दोरी काढली. मूठ जिथून निखळली त्या भोकात ती अडकवून एक गाठ मारली, मग दुसरी, मग पाचवी. दार जागचं हललं नाही. बुवांच्या उजव्या हाताची बोटं मात्र दोरीत अशी अडकली की सुटता सुटेनात.

"तो काडेपेटीशिवायचा जाळ येतो ना तुम्हाला?"

"इथे? एवढ्या कागदांत? तेवढी अक्कल आहे मला, साहेब."

साहेब घड्याळ बघू लागले. केबिन हातची चाललेली पाहून बुवांना घाम फुटला.

"घाबरू नका. जंगलात मदत हवी असली की तीन शिट्ट्या मारायच्या," असं म्हणून त्यांनी डाव्या हाताने शिट्टी काढली आणि गाल फाटेस्तोवर तीनदा फुंकली.

वर खुर्च्या सरकल्या. धडाधड पावलं वाजली.

"आले बघा!"

पावलं डोक्यावरून फाटकाकडे गेली. मग सगळी इमारत चिडीचूप झाली.

"अहो, गेले कुठे सगळे?"

बुवांचा चेहरा पडला. त्यांच्याच परिपत्रकातला पहिला नियम होता: तीन शिट्ट्या ऐकताच हातातलं काम टाकून, कुणाचीही वाट न बघता, इमारतीबाहेर पडावे.

"आणि बाहेर माणसं मोजायची कुणी?" साहेबांनी दातओठ खात विचारलं.

"मी," बुवा म्हणाले.

तासाभराने दार उघडलं. चहावाल्या मावशी कानाने जरा कमी, त्यांना शिट्ट्या ऐकूच गेल्या नव्हत्या. केबिन, गच्ची, जिना धुंडाळत त्या साहेबांचा कप घेऊन तळघरापर्यंत आल्या होत्या.

"किती शोधायचं माणसानं? चहा पार गार झाला."

साहेबांनी तो गार चहा उभ्या उभ्या संपवला आणि मावशींकडे फार कौतुकाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आपत्कालीन प्रमुखांच्या नेमणुकीचं पत्र जावक टेबलावर आलं. चहावाल्या मावशींच्या नावाचं होतं. बुवांनी निमूटपणे पाकीट चिकटवलं. डाव्या हाताने, कारण उजव्याची गाठ अजून सुटली नव्हती.