बेशुद्धांशी भांडणारे डॉक्टर

आमचे गायकवाड डॉक्टर बेशुद्ध माणसांशी भांडतात, तेही अहो-जाहो करून. मी त्यांची ॲम्ब्युलन्स चालवतो. मागून आवाज येत असतो, "अहो साहेब, डोळे उघडा. झोपायला घर नाही का?" शुद्धीवर असलेल्यांशी मात्र कामापुरतंच बोलतात. माझ्याशी तर तेवढंही नाही.

एकदा भर दुपारी कर्वेनगरच्या एका सोसायटीतून फोन आला. घरून कंपनीचं काम करणाऱ्या शेजारच्या मुलीने केला होता. तिसरा मजला, आणि लिफ्टवर पाटी : 'बंद आहे. कधी चालू होईल विचारू नये.'

"विचारतंय कोण!" म्हणत डॉक्टर जिन्याने धावत सुटले, मागोमाग मी.

पलंगावर सत्तरीच्या कुलकर्णीबाई निपचित पडलेल्या. ओठ निळसर, श्वास अगदी मंद. उशाशी त्यांचे यजमान, हातात गरम पाण्याची पिशवी. डॉक्टरांनी पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"औषध काय चालू आहे?"

"कॅन्सरच्या दुखण्याची पट्टी लावलीय, पाठीला. सकाळपासून कळवळत होती हो, म्हणून तिथेच शेकलं."

शेकल्यामुळे पट्टीतलं अफूच्या जातीचं औषध भराभर अंगात गेलं होतं. डॉक्टरांनी पट्टी ओढून काढली. माझ्या हातात श्वास द्यायचा फुगा दिला, शीर शोधून उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि भांडायला लागले.

"बाई, घरी पाहुणे आलेत आणि तुम्ही झोपून? बरं दिसतं का? घ्या श्वास. आणखी एक. कंजूषपणा नको."

दोन मिनिटं गेली. मी फुगा दाबतच होतो. मग बाईंनी खोल श्वास घेतला, डोळे किलकिले केले आणि आमच्या पायांकडे पाहिलं.

"चपला-बूट बाहेर काढायची पद्धत नाही का तुमच्यात?"

डॉक्टरांनी मुकाट्याने बूट काढले. हसू काही त्यांना आवरत नव्हतं.

इंजेक्शनचा असर उतरला की पुन्हा गुंगी येऊ शकते, म्हणून बाईंना हॉस्पिटलात नेलं. बाहेरच्या बाकावर आजोबा पुटपुटत होते, "माझ्या हातून गेली असती ती."

डॉक्टर शेजारी बसले. "आजोबा, पट्टीवर शेकायचं नाही, हे आम्ही डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. तुम्हाला त्यांचं दुखणं बघवलं नाही, एवढंच झालं." मग म्हणाले, "माझी बायको आजारी होती तेव्हा मी ड्युटीवर असायचो. शेवटी ती बेशुद्ध होती. बोलायचं बरंच राहून गेलं."

इतक्यात आतून नर्स आली, "बाई चहा मागतायत."

आजोबा उठले. डॉक्टरांचा हात धरून म्हणाले, "चला, तुम्हीही या."

आणि डॉक्टर त्यांच्याबरोबर आत गेले.