मून काकांचा खालचा आकडा

तेरवीच्या पंगतीत माणूस मान खाली घालून जेवतो. आमचे शेजारी मून काका माझ्या सासऱ्यांच्या तेरवीत पानाकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "याच्यात सरकार किती?" कोणी काही बोलायच्या आत स्वतःच सांगत सुटले. तांदूळ रेशनचा, म्हणजे सरकार. वांगी घरची, म्हणजे सरकार नाही. रांधणाऱ्या बाया शेजारच्या, त्या तर हिशोबातच नाहीत. सासूबाई डोळे पुसता पुसता थांबल्या. "याले पंगतीत कोनं बसवलं वं?" म्हणाल्या.

समुद्रपूरला आमची अन् त्यांची भिंत एकच. वर्ध्याच्या एका सरकारी ऑफिसात काकांनी जन्मभर एकच काम केलं: देशाच्या साऱ्या कमाईत सरकारी खर्चाचा वाटा किती, ते काढायचं. रिटायर झाले, पण जित्याची खोड! बस स्टँडवर, किराणा दुकानात, कोणी सापडला की धरलाच.

"वरचा आकडा सोपा हाय, पोरी," मला म्हणायचे. "सरकारनं खर्च केला, लिहून ठेवला. खालचा आकडा म्हंजे साऱ्या लोकायची कमाई. थो कोन मोजते? थो कमी धरला का सरकारचा वाटा उगाच मोठा दिसते."

आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. एकदा सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवीगार जुडी त्यांच्या हातात दिली. पैसे कसले घ्यायचे शेजाऱ्याकडून? तर म्हणतात, "विकली असती तं हिशोबात आली असती. फुकट देल्ली, गेली वाऱ्यावर. देशाचं नुकसान केलं तुनं." आता घ्या! जुडीही द्या अन् वरून बोलणीही खा. माझा नवरा तर त्यांचा खोकला ऐकू आला की मागच्या दाराने मळ्यात पळायचा.

त्यांचं ऐकायच्या त्या एकट्या त्यांच्या बायको, शांताकाकू. भाजी निवडता निवडता "हो ना" म्हणायच्या, मधेच "काऊन जी?" असं विचारायच्या. तेवढ्यावर काकांची तासाभराची सोय व्हायची.

मागच्या उन्हाळ्यात काकूंना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. काका त्यांना उठवायचे, आंघोळ घालायचे, घास भरवायचे, वेणीसुद्धा घालायचे. ती वाकडीतिकडी वेणी पाहिली की मला हसू यायचं अन् लगेच डोळे भरायचे. मुलगा नागपूरला नोकरीत. त्याने तिथे एक ठिकाण पाहिलं. अशा आजारी बायांना पगारी माणसं सांभाळतात, पण घरच्यांना सोबत राहता येत नाही. "बाबा, तुमची कंबर मोडून राह्यली. आईले घेऊन जातो," म्हणाला. पोरगा वाईट नाही. बापाची काळजी होती म्हणूनच बोलला. काका हो म्हणाले.

गाडी आली त्या सकाळी मी मदतीला गेले. पिशवी काकांनी स्वतःच भरली होती. लुगडी, फणी, तेलाची शिशी. काकूंना खुर्चीत बसवून दारापर्यंत आणलं होतं. पण काका पिशवी पोटाशी धरून उंबऱ्यावर बसले, ते सोडेचनात.

"द्या ना काका," मी म्हटलं.

"हिशोब बरोबर हाय," ते पिशवीकडे बघत म्हणाले. "मी घास भरवतो तं कमाईत शून्य. तिथं बाई पगारावर भरवन, म्हंजे खालचा आकडा वाढला. देश मोठा झाला, सरकारचा वाटा कमी झाला. सारं बरोबर हाय."

"मंग उठा ना बाबा," मुलगा हळूच म्हणाला.

"पन मंग माहं कोन आयकन रे?"

मी मान वर करायलाही धजले नाही. आम्ही सारे त्यांना चुकवून पळणारे! काकूंनी धडका, डावा हात पुढे केला, काकांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली अन् सोडलीच नाही. मुलाने ते पाहिलं. मग पिशवी उचलून घरात नेऊन ठेवली.

गाडी रिकामीच नागपूरला गेली. दुपारभर भिंतीपलीकडून काकांचा आवाज येत होता. वरचा आकडा, खालचा आकडा. बोलता बोलता ते थांबायचे. एखाद्याला बोलायला लागेल एवढा वेळ तिकडे काहीच ऐकू यायचं नाही. मग काका म्हणायचे, "हो, तुहं बी बरोबर हाय," अन् पुढचं सांगायला लागायचे.