बाळारामकाकांची शुगर

आमचे घरमालक बाळारामकाका नावाच्या आधी आजार सांगत. "मना शुगर हाय. लय मोठी." बसस्टॉपवरचा अनोळखी माणूसही यातून सुटत नसे.

तळोज्याच्या कारखान्यात मला पहिली नोकरी लागली, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नावड्यात काकांनी मला खोली दिली. माझ्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, याचं कौतुक माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. शेती सरकारी भूसंपादनात गेल्यामुळे त्यांच्याकडे वेळही भरपूर होता.

लग्नात जिलबीचं ताट समोर आलं की ते पंगतभर ऐकू जाईल असं ओरडत, "जल्ला, ठार मारतंस कं मना?" वाढपी इतका घाबरे की शेजारच्या पानांनाही न वाढता पळे. त्यांच्या शेजारी बसायला कोणी तयार नसे.

खरं तर शुगर आधी जनाकाकींना निघाली होती. पथ्य पाळलं नाही तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण काकींचं एकच उत्तर, "माझ्या एकलीसाठी येगला कोन रांधील?" घरासाठी शिजलेला भात त्या निमूट खात राहिल्या. पायांची आग होई, तेव्हा ओल्या फरशीवर उभ्या राहत.

मग काकांनाच शुगर निघाली, आणि काकींनी पदर खोचला. नवऱ्यासाठी भात बंद, साखर बंद. त्यांच्यासाठी जे शिजे तेच त्याही खात. जन्मभर भात पिकवलेला माणूस नाचणीची भाकरी मोडू लागला. शेजारून भाताचा वास आला की तो उठून अंगणात जाई.

पहाटे फिरायला जायला काका दारात उभे. "चल गो. मना चक्कर आली तं उचलील कोन?"

"मी काय उचलनार? पोतं झाल्याव पोतं!" असं म्हणत काकी चपला घालत.

काही वर्षं बरी गेली. पण पथ्य उशिराच सुरू झालं होतं. काकींच्या बधिर तळव्यात खिळा गेला, तो त्यांना कळलाच नाही. जखम काळी पडली. पनवेलला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि पाऊल काढावं लागलं.

संध्याकाळी मी दवाखान्यात पोचलो. काका सकाळपासून उपाशी होते. मी घाबरून डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, आधी यांची शुगर बघा."

डॉक्टर म्हणाले, "यांची? यांना कुठे शुगर आहे? दरवर्षी तपासतो मी. कधीच नव्हती."

काकांनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला. "हलू बोला, सायेब. जागी हाय ती."

पलंगावरून काकींचा बारीक आवाज आला, "ह्यांना हितला भात देव नका कोनी."

"नाय खात गो," काका म्हणाले, आणि चादर काकींच्या उरलेल्या पावलावर नीट ओढून घेतली.